चार मिनिटांचा हिशोब

आप्पांच्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत. साध्या शंभरपानी वह्या, कोपरे दुमडलेले, पानांवर केळीच्या चिकाचे डाग. हा चिक कपड्याला लागला की जात नाही, तसा कागदावरूनही जात नाही; दिवस जातील तसा काळा पडत जातो. मजकूर फारसा नाही. तारीख, लाईट किती वाजता आली, किती वाजता गेली, पाणी कितव्या ओळीपर्यंत पोचलं. समासात कुठेकुठे एखादा शब्द: ‘फ्यूज’, ‘दांड फुटला’, ‘पाऊस’. आणि हिवाळ्याच्या पानांवर, वेळेच्या शेजारी, पुन्हापुन्हा येणारं एकच अक्षर: ‘ति’.

‘ति’ म्हणजे तिकांडं. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण.

भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला आमचं शेत. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असायची, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आप्पा जेवून निघायचे, आणि दहा-अकरा वर्षांची मी हट्टाने मागे जायची. माझं काम बॅटरी धरायचं. आप्पा फावड्याने दांड फोडायचे, पाणी पुढच्या ओळीला लागायचं, आणि मग अर्धा-पाऊण तास काहीच काम नसायचं. बांधावर गोणपाट टाकून बसायचं. केळीची पानं वाऱ्याशिवायही रात्री मधूनच सळसळतात. त्याची भीती जायला मला पूर्ण एक हिवाळा लागला.

घड्याळ आप्पा घरी ठेवायचे, पाणी जायला नको म्हणून. वेळ आभाळात बघायचे. उत्तरेला बाज, म्हणजे पुस्तकातले सप्तर्षी: चार ताऱ्यांची खाट आणि तिच्या मागे लागलेले तीन चोर. पूर्वेला तिकांडं. एकदा म्हणाले, “देख, तिकांडं माथावर उनं. आते घर जावानी येळ व्हयनी.” पुढचे काही दिवस मी मुद्दाम लक्ष ठेवलं आणि त्यांना विचारलं, की आज ते आधीच वर कसं आलं? आप्पांनी वळूनही पाहिलं नाही. “ते रोज थोडं बेगी येस,” म्हणाले. पंधरा दिवसांत तासाचा फरक पडतो, तो धरूनच वेळ सांगायची. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

मी आता माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. रेडिओ खगोलशास्त्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या तबकड्या येतात. मला ही ‘रोज थोडं बेगी’ आठवते. कारण ही विद्याशाखा जन्माला आली ती याच चार मिनिटांच्या हिशोबातून.

हिशोब साधा आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही सरकते. त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर यायला २४ तास लागतात, पण तारा पुन्हा माथ्यावर येतो २३ तास ५६ मिनिटांत. वर्षभरात सूर्याच्या ३६५ फेऱ्या होतात तेव्हा ताऱ्यांच्या ३६६ झालेल्या असतात. आपल्याकडे या दोन दिवसांना वेगळी नावंच आहेत, सावन दिवस आणि नाक्षत्र दिवस. सिद्धान्तग्रंथांत एका कल्पाचे नाक्षत्र दिवस सावन दिवसांपेक्षा बरोबर ४,३२,००,००,००० ने जास्त दिलेले असतात, म्हणजे कल्पात जितकी वर्षं तितकेच. आमच्या गावापासून फार लांब नाही, चाळीसगावजवळ पाटणला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. त्या मठात हा आकडा पाठ झाला असणार. पाटणादेवीला डोंगराखाली उभी राहिले की मला दर वेळी वाटतं, आप्पांच्या वडिलांचं ते पंधरा दिवसांत तासाचं गणित कदाचित याच डोंगरावरून खाली उतरलं असेल. पुरावा काही नाही. वाटतं एवढंच.

बांधावर आमच्यासोबत रेडिओ असायचा. दोन बँडचा ट्रान्झिस्टर, मागचं झाकण रबराने बांधलेलं. जळगाव आकाशवाणीचे कार्यक्रम संपले की आप्पा काटा फिरवत राहायचे. रात्री लांबलांबची केंद्रं लागायची, भाषा न कळणारी. दोन केंद्रांच्या मधे नुसती खरखर. ही खरखर कुणाची, असं विचारल्यावर आप्पा म्हणाले होते, “आभाळ बोलस.”

कॉलेजात असताना मी कार्ल जान्स्कीबद्दल वाचलं आणि आनंदाने वेडी झाले. आकाशगंगेतून रेडिओलहरी येतात म्हणजे आप्पा बरोबर होते! पुढे कितीतरी वर्षं मी वर्गात हेच सांगत आले, की रेडिओची खरखर म्हणजे तारे. ते चूक होतं. मिडियम वेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून तर रात्री दूरची केंद्रं लागतात. पण जो थर आतलं बाहेर जाऊ देत नाही, तो बाहेरचंही आत येऊ देत नाही. त्या बँडवर ताऱ्यांचा आवाज जमिनीपर्यंत पोचतच नाही. आप्पांच्या रेडिओत ऐकू यायची ती सातपुड्यापलीकडे कडाडणारी वीज, डीपीच्या खांबावर उडणारी ठिणगी, आणि खुद्द आमच्याच मोटारीचा स्टार्टर. हे कळलं तेव्हा मी खट्टू झाले होते. आज मला ही दुरुस्ती मूळ गोष्टीपेक्षा मोलाची वाटते, कारण जान्स्कीचं सगळं काम हेच होतं: कुठली खरखर कुणाची, हे वेगळं काढणं.

तो अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होता. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर येते ती कुठून, ते शोध, एवढंच त्याला सांगितलेलं. न्यू जर्सीत होल्मडेल इथल्या मोकळ्या जागेत त्याने तीसेक मीटर लांबीचा अँटेनाचा सांगाडा उभा केला, खाली जुन्या फोर्ड मोटारीची चाकं लावली, आणि तो सांगाडा दर वीस मिनिटांनी एक गिरकी घेईल असा फिरवत ठेवला. लहरी साडेचौदा मीटर लांबीच्या, म्हणजे तो थर भेदून खाली येऊ शकणाऱ्या. त्याला खरखरीचे तीन प्रकार सापडले. जवळच्या वादळाची, दूरच्या वादळाची, आणि तिसरी अगदी मंद, अखंड सुस्कारा टाकल्यासारखी. पहिल्या दोन आप्पांच्या रेडिओत होत्या. तिसरी नव्हती.

१९३१ च्या डिसेंबरात ही तिसरी खरखर सूर्याच्या दिशेने येते असं वाटलं. कुणीही तेच मानलं असतं. जान्स्कीने तरीही नोंदी चालू ठेवल्या. महिन्याभरात ती सूर्याच्या पुढे निघाली, रोज थोडी बेगी. चार-चार मिनिटं साचत वर्षभरात पूर्ण दिवसाचा फेर झाला. म्हणजे ती सूर्याची नव्हती, जमिनीवरची तर नव्हतीच. ती ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती. दिशा निघाली धनु राशीची, जिथे आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. डिसेंबरात सूर्य नेमका धनु राशीत असतो, म्हणून आधी घोटाळा झाला होता. १९३३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. पुढे कंपनीने त्याला दुसऱ्या कामाला लावलं, आणि १९५० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आज आकाशातल्या रेडिओस्रोताची तीव्रता मोजण्याचं एकक त्याच्या नावाने आहे.

मला नेहमी प्रश्न पडतो, की त्याने महिनाभरात वही मिटली असती तर?

त्याच्या मागे जवळजवळ दहा वर्षं जगात एकच माणूस हे काम करत होता, ग्रोट रेबर. दिवसा रेडिओच्या कारखान्यात नोकरी. १९३७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या व्हीटनमध्ये, घराच्या परसात, त्याने स्वखर्चाने साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी बांधली. रस्त्यावरच्या मोटारींच्या ठिणग्या दिवसा कागदावर उमटायच्या, म्हणून तो मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत नोंदी घ्यायचा आणि मग कामावर जायचा. रात्रीच्या लाईटवर शेती करणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, पण या माणसाचे डोळे मला दिसतात.

मग जोसेलिन बेल. तिच्याविषयी मात्र मला सविस्तर सांगायचं आहे.

केंब्रिजजवळ साडेचार एकर रान. त्यात हजारावर लाकडी खांब रोवायचे आणि खांबांवर मैलच्या मैल तार ओढायची. ही दुर्बीण. पीएचडी करणारी विशीतली बेल आणि तिचे सोबती घण मारून खांब ठोकत होते. दोन वर्षं त्यात गेली. आमच्याकडे द्राक्षाचा मांडव घालतात तसंच काहीसं दिसत असणार ते. १९६७ च्या उन्हाळ्यात यंत्र सुरू झालं आणि रोज जवळजवळ शंभर फूट कागदावर शाईची रेघ उमटू लागली. ती रेघ तपासायची बेलने, स्वतःच्या डोळ्यांनी. एके दिवशी शेकडो फूट कागदात पाव इंचाची एक खूण दिसली. ताऱ्याची लुकलुक म्हणावी तर तशी नाही, माणसाने केलेला बिघाड म्हणावा तर तसाही नाही. बेलला आठवलं, की अशी खूण आपण आधीही पाहिली आहे. मागचे कागद काढले. होती. आणि ती सौर घड्याळाने येत नव्हती, ताऱ्यांच्या घड्याळाने येत होती. रोज चार मिनिटं बेगी!

आजूबाजूचा कुठला कारखाना, कुठली मोटार, कुठलं प्रक्षेपण २३ तास ५६ मिनिटांचा दिवस पाळणार? नोव्हेंबरात कागद जलद फिरवून पाहिलं तेव्हा त्या खुणेतून सुटे ठोके निघाले, एकेक १.३३ सेकंदाच्या अंतराने, हलत नाहीत की चुकत नाहीत. तो पहिला पल्सार होता. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात दाबलेलं, आणि तो गोळा स्वतःभोवती गरगर फिरतो आहे. दर फेरीला त्याचा झोत आपल्यावरून जातो. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. मला हा अन्याय वाटतो. तिने स्वतः कधी कडवटपणा दाखवला नाही. २०१८ मध्ये मिळालेली तीस लाख डॉलरची बक्षिसाची रक्कम तिने भौतिकशास्त्रात मागे राहिलेल्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकली. आठवीच्या मुलींना मी हे दरवर्षी सांगते, आणि सांगताना आवाज जरा चढतोच.

पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना १९६४-६५ मध्ये सापडलेली खरखर यांच्या उलट. ती ना सूर्यामागे जाते ना ताऱ्यांमागे. कुठल्याही दिशेला, कुठल्याही वेळी, कुठल्याही ऋतूत तेवढीच. त्यांनी अँटेनातली कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून पाहिली. सगळीकडून सारखी येते म्हणजे ती कुठल्या एका जागेची नाही, अख्ख्या विश्वाची आहे: सुमारे पावणेचौदा अब्ज वर्षांपूर्वीच्या तापलेल्या विश्वाची उरलेली ऊब, निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंश.

काही वर्षांपूर्वी अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी आप्पांना घेऊन खोडदला गेले. चाळीसगाव, मालेगाव, नाशिक, संगमनेर करत नारायणगाव, तिथून आत खोडद. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी एकत्र आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पंचवीस किलोमीटर परिसरात पसरलेल्या. एकच लहर प्रत्येक तबकडीला किंचित मागेपुढे गाठते. तो मागेपुढेपणा मोजून सगळ्यांचं एकत्र केलं, की पंचवीस किलोमीटरच्या एकाच तबकडीसारखा बारकावा मिळतो. अलीकडे-पलीकडे कांदा, द्राक्षं, आणि मधेच आभाळाकडे तोंड करून ही एवढाली धुडं. गोविंद स्वरूप यांनी त्याआधी उटीलाही दुर्बीण बांधली होती, १९७० मध्ये. तिथे त्यांनी असा डोंगरउतार शोधला, ज्याचा कल त्या जागेच्या अक्षांशाएवढाच, अकरा अंशांचा. त्यामुळे ५३० मीटर लांबीची ती दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाली, आणि एकाच बाजूला हळूहळू कलंडवत नेली की तारा साडेनऊ तास नजरेत राहतो. डोंगरालाच यंत्राचा भाग करून घेतलं त्यांनी. रानाचा उतार बघून दांड काढणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. आप्पा ऐकून नुसते मान डोलावत राहिले.

तबकडीखाली उभे राहिल्यावर आप्पांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तबकडी भरीव नव्हती. स्टीलच्या बारीक तारेची जाळी, तीही दोरासारख्या ताणलेल्या तारांवर बांधलेली. आरपार निळं आभाळ दिसत होतं. “यातून वारा जातो,” ते माहिती सांगणाऱ्या मुलाला म्हणाले, “मग लहर कशी थांबते?” मुलगा म्हणाला, बाबा, जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटर, आणि आमची सगळ्यात लहान लहर एकवीस सेंटिमीटरची. आप्पा म्हणाले, “मासा मोठा, जाळी बारीक.” मुलाने ते वाक्य हातातल्या कागदावर लिहून घेतलं.

एकवीस सेंटिमीटर हा हायड्रोजनचा ठसा आहे. हायड्रोजनच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी क्वचित उलटते आणि तेवढी एक लहर सुटते. एका अणूच्या वाट्याला हा क्षण सरासरी कोटभर वर्षांतून एकदा येतो. पण हायड्रोजन इतका अफाट आहे, की सगळ्या आभाळातून ही लहर सतत येत असते. ती धूळ अडवू शकत नाही. तिच्यामुळे आपल्या आकाशगंगेचे सर्पिल हात मोजता आले. तिच्यामुळेच कळलं, की दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्यासारख्या इतर आकाशगंगांच्या, कडेचा वायू अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने फिरतो, म्हणजे न दिसणारं पुष्कळ वस्तुमान त्याला धरून आहे. २०२३ मध्ये खोडदच्याच नोंदींमधून ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली अशी एक लहर सापडल्याचं जाहीर झालं. निघाली तेव्हा एकवीस सेंटिमीटरची. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं, तशी ताणली जाऊन पोचली तेव्हा अठ्ठेचाळीसची. वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखी मोठी करून दिली, म्हणून तरी ती दिसली. त्याच वर्षी बेलच्या पल्सारांचा घड्याळासारखा उपयोग करून, त्यांच्या ठोक्यांतला कणभर मागेपुढेपणा पंचवीस वर्षं मोजून, गुरुत्वीय लहरींची खूण मिळाली. एकेक लहर सरायला कित्येक वर्षं लागावीत इतक्या संथ. त्या कामातही खोडद होतं.

आप्पांनी आणखी दोन प्रश्न विचारले. पहिला: “आनि ढग उनात ते?” काही बिघडत नाही, मुलगा म्हणाला, या लहरींना ढगही अडत नाहीत आणि दिवसाचा उजेडही. आप्पांना हे पटायला वेळ लागला. भर दुपारी चालणारी ताऱ्यांची दुर्बीण! दुसरा प्रश्न मला सुचलाच नसता: “लाईटच्या तारांचं काय करता?” मुलगा एकदम गंभीर झाला. मोबाइल बंद करायला लावता येतो, म्हणाला, पण विजेच्या लाईनवर कुठे चिनी मातीचा कप तडकला, जोड सैल झाला, की ठिणगी उडते आणि इथे दिसते. त्यामागे फार मेहनत आहे. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या डीपीवर पहिल्या पावसात तेच होतं. तीस वर्षं ट्रान्झिस्टरला कान लावून त्यांना कुठल्या खांबावरून ठिणगी उडते तेसुद्धा कळायचं.

परतताना बसमध्ये मी त्यांना जान्स्कीची गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली. वर्षभराच्या नोंदी, चार मिनिटं, धनु रास. आणि हेही सांगितलं, की बांधावरची खरखर आभाळाची नव्हती. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. “त्यानी रोज लिखं?” एवढंच विचारलं. रोज, म्हटलं.

आता शेतात ठिबक आहे, मोटार मोबाइलवरून चालू होते, रात्री कुणी बांधावर जात नाही. वहीसुद्धा थांबली होती. गेल्या कार्तिकात मी आठवडाभर गावी होते तेव्हा नवी वही काढली आणि रात्री आप्पांसोबत मोटारीच्या खोलीपाशी जाऊन बसले. तिकांडं उगवून डीपीच्या खांबाच्या टोकाला टेकलं, तेव्हाची वेळ मांडली: १५ नोव्हेंबर, १०.१०. पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार धरून पुन्हा गेले. ३० नोव्हेंबर, ९.११.

आप्पांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि वही माझ्याकडे परत दिली. “कथाईन देखं, तेबी लिख.”

मी तिसरा रकाना आखला आणि लिहिलं: मोटारीची खोली, ओट्याची दुसरी पायरी, बसून.